मीटरकाकांनी धुतलेला कॉलम

प्रयोगशाळेत नव्यानं रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगतात. पेशींच्या खोलीत बाहेरच्या चपला चालणार नाहीत, आणि मीटरकाका बेसिनपाशी असतील तर मागे उभं राहून घाई करायची नाही. काचेचं भांडं ते आधी साध्या पाण्यानं धुतात, मग साबणानं, मग पुन्हा पाण्यानं, शेवटी शुद्ध पाण्यानं. मग खिडकीच्या उजेडासमोर धरून बघतात आणि बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरू करतात.

"काका, भांडं धुताय की त्याला अंघोळ घालताय?" असं एका उत्साही विद्यार्थ्यानं विचारलं होतं.

"तू करून आलायस का? मग बोल," काका म्हणाले.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत एक पांढरी पूड बनते. ती चिमूटभर पाण्यात विरघळवून कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींवर घातली, की त्या पेशी आक्रसतात, फुटतात आणि मरतात. शेजारच्या ताटलीतल्या निरोगी पेशींना विशेष काही होत नाही. पुडीत दोनच गोष्टी असतात. एक आईच्या दुधातलं प्रथिन, दुसरं एक स्निग्ध आम्ल, म्हणजे चरबीचा एक साधा घटक. तेवढ्याच प्रमाणात एकेकटं घातलं तर दोन्ही निरुपद्रवी. एकत्र आली की जीवघेणी, तीही नेमकी गाठीच्या पेशींना.

ही पूड अजून औषध झालेली नाही. मूत्राशयातल्या गाठींवर छोट्या चाचण्या चालू आहेत, त्यांचे पहिले निकाल चांगले आहेत, आणि कुणी 'दुधाचा चमत्कार' असा शब्द काढला की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं डोकं फिरतं. पण पूड खरी आहे, हे आता कुणी नाकारत नाही. एके काळी नाकारत होते. एवढंच नव्हे, ती बनवणारा माणूस लबाड आहे असंही म्हणत होते. तो माणूस म्हणजे मीटरकाका.

मीटर हे त्यांचं नाव नाही. ते दिलं गवळ्यांनी. उमेदीची सगळी वर्षं काका शहराबाहेरच्या एका डेअरीत दूध तपासायला होते. पहाटे कॅन यायचे, काका लॅक्टोमीटर बुडवून पाणी किती ते बघायचे, फॅट मोजायचे आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचे. गवळ्यांचं म्हणणं असं, की लॅक्टोमीटर नुसता शोभेला आहे, हा माणूस कॅनचं झाकण उघडतानाच नाक फुगवतो. मग 'मीटर आला रे' अशी हाळी पडायला लागली आणि पुढे घरच्या लोकांनाही खरं नाव आठवायला वेळ लागू लागला.

"मीटर, आज पाण्याचा थेंब नाही हां," एक गवळी छातीवर हात ठेवून सांगायचा.

"मग काय घातलंस?"

"साखर घालीन का मी?"

"मी साखरेचं नाव कुठं काढलं?"

कॅन परत. असे बरेच कॅन परत गेले. त्यांतला एक बायकोच्या सख्ख्या भावाचा होता. मेहुण्यानं त्यानंतर मोठा काळ अबोला धरला. काकूंना हा विषय आजही पुरतो. "माहेरचा रस्ता खणून ठेवलाय यांनी," त्या पाहुण्यांना सांगतात, "आणि कशासाठी? तर तपेलीभर पाण्यासाठी." काकू एका बेकरीच्या काउंटरवर असतात, त्यामुळे ऐकणारे त्यांना कधी कमी पडत नाहीत.

डेअरीतलं दुसरं काम नळ्या धुण्याचं. दूध ज्या ज्या नळीतून जातं ती रोज गरम कॉस्टिक सोड्यानं, मग आम्लानं, मग पाण्यानं धुवायची. नळीच्या आतल्या बाजूला दुधाचा एक बारीक थर धरतो. बोट फिरवलं तर चिकटपणा कळतो, डोळ्यांना दिसत नाही. तो राहिला की दुसऱ्या दिवशीचं दूध गेलं. काकांचं यावर एक ठाम मत होतं आणि ते त्यांनी डेअरीत येणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला ऐकवलं होतं: "दूध बाहेरच्या घाणीनं कमी नासतं. कालच्या दुधानं जास्त नासतं."

मोठ्या कंपनीचे टँकर सुरू झाले आणि डेअरीला कुलूप लागलं. त्याच सुमारास वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेला दूध हाताळू शकेल असा माणूस हवा होता. मॅडम मूळच्या बालरोगतज्ज्ञ. अंगावर पिणाऱ्या बाळांना छातीचे आजार कमी का होतात, याचा शोध घेत होत्या. त्यासाठी आईच्या दुधातले वेगवेगळे घटक काढायचे आणि ते जंतूंना पेशींवर चिकटू देतात का ते बघायचं. पेशी म्हणून गाठीच्या पेशी वापरायच्या, कारण त्या काचेच्या ताटलीत मरत नाहीत, वाढतच राहतात. एरवी शाप, प्रयोगशाळेत सोय.

एके दिवशी त्या मेल्या. जंतू राहिले बाजूला, दुधातल्या एका घटकानं ताटलीतल्या पेशीच संपवल्या. त्या पेशी सांभाळणाऱ्या संशोधक बाईंना सगळे पेशीताई म्हणतात. उबदार कपाटातल्या ताटल्यांकडे ती लेकरांकडे बघावं तशी बघते आणि सुटीच्या दिवशीही एक फेरी मारून जाते. तिला आधी वाटलं, आपलंच काही चुकलं. तिनं पुन्हा केलं. पुन्हा मेल्या. मग मॅडमनी आपल्या हातानं केलं. मग जंतूंचा विषय बाजूला पडला आणि दोन्ही खोल्या या एकाच गोष्टीमागे लागल्या.

पूड बनवायचं काम काकांकडे होतं. प्रसूती विभागातल्या ज्या आयांना दूध जास्त होतं, त्या स्वखुशीनं ते देत. काका ते थंड ठेवत, गरागरा फिरवून वरची साय काढत, राहिलेल्या पाण्यातून प्रथिन वेगळं करत. हे प्रथिन लोकरीच्या गुंडीसारखं घट्ट गुंडाळलेलं असतं, आणि कॅल्शियम त्याला गाठ मारून ठेवतं. कॅल्शियम काढून घेतलं की गुंडी सैल होते. असं सैल केलेलं प्रथिन शेवटी एका उभ्या काचेच्या नळीतून सोडायचं. तिला कॉलम म्हणतात. आत रव्याहून बारीक पांढरे दाणे ठासून भरलेले असतात. खालून जे थेंब पडतात ते गोठवून वाळवले की पूड तयार.

कॉलम जुना होता, दाणे परदेशातून यायचे, म्हणून मॅडमनी काकांना सांगून ठेवलं होतं: वापरून झाला की मिठाच्या पाण्यानं धुवायचा, बस. काकांना ते पटलं नव्हतं. ज्या नळीतून वर्षानुवर्षं दूध गेलंय तिला नुसतं मिठाचं पाणी? पण नोकरी नवी होती आणि मॅडमचा शब्द. ते गप्प बसले. अधूनमधून नळीकडे बघून "चिकटलंय आत" एवढं पुटपुटत.

मॅडमनी निष्कर्ष छापले आणि मग त्यांना शंकासुर भेटला.

हेही टोपणनाव, पण त्या गृहस्थांना ते माहीत आहे आणि त्यांची हरकत नाही. दुसऱ्या एका मोठ्या संस्थेत ते प्रथिनांवर काम करतात. उंच, वाकलेले, कुणी 'आज गुरुवार' म्हटलं तरी कॅलेंडर बघणारे. त्यांनी मॅडमचा प्रयोग आपल्याकडे करून पाहिला. काही झालं नाही. पुन्हा केला. पेशी मजेत. मग त्यांनी मॅडमकडून तयार पूड मागवली, आणि तिनं पेशी मेल्या. तेव्हा त्यांनी फोन केला. मॅडम टेबलावर कागद चाळत होत्या म्हणून फोनचा स्पीकर चालू होता, आणि काका दाराशी काचेच्या भांड्यांचा ट्रे घेऊन उभे होते.

"मॅडम, तुमची पूड मारते. आमची मारत नाही. दूध तेच, पद्धत तीच. मग फरक एकच उरतो."

"कोणता?"

"करणारा माणूस. तुमचा तो माणूस त्यात काय घालतो?"

मॅडमनी स्पीकर बंद केला, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. काकांनी ट्रे जागेवर ठेवला. एकही भांडं वाजलं नाही.

तोवर प्रयोगशाळेत गमतीनं 'काकांचा हातगुण' असं म्हटलं जायचं. नव्या विद्यार्थिनीनं केलेला एखादा प्रयोग फसला की पेशीताई म्हणायची, "काकांचा हात लाव त्याला." काकांनाही ते आवडायचं, नाही असं नाही. त्या दिवसानंतर हा शब्द कुणी काढेना. विज्ञानात हातगुण नसतो. जे एकाच्याच हातून होतं ते झालेलं नसतं, किंवा कुणीतरी केलेलं असतं.

घरी काका जेवायला बसले आणि ताटाकडे बघत राहिले.

"अहो, काय झालं?"

"मला भेसळवाला म्हणाला."

काकू म्हणाल्या, "तुम्हाला? माझा भाऊ ऐकेल तर टेबलावर चढून नाचेल."

"हसायची गोष्ट नाही ही."

"हसत नाहीये मी. ज्या माणसानं दुधात पाणी सापडलं म्हणून माझा भाऊ तोडला, तो दुधात विष घालेल? त्या माणसाला म्हणावं, आधी माझ्या भावाला विचार."

शंकासुरांनी स्वतः येऊन, समोर बसून बघण्याची परवानगी मागितली. मॅडमनी दिली. दुसरा इलाज नव्हता. संस्थेच्या वरिष्ठांनी तोवर सुचवून ठेवलं होतं, की ज्याची खात्री कुणी देत नाही त्या कामाला दोन खोल्या जास्त होतात.

आता काकांनी जे केलं ते या गोष्टीचं मर्म आहे, आणि ते डेअरीत घडलेल्या माणसालाच सुचलं असतं. आपल्यावर आळ काय, तर नळीत बाहेरचं काही जातं. मग नळी अशी धुवायची की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, खोल्या रिकाम्या असताना त्यांनी जुना कॉलम खाली उतरवला. दाण्यांबरोबर आलेल्या माहितीपत्रकात कॉस्टिक चालतं असं लिहिलेलं त्यांनी कधीचंच वाचून ठेवलं होतं. त्यांनी कॉस्टिक सोडलं, मग अल्कोहोल, मग मीठ, मग पाणीच पाणी. सुरुवातीला खालून पिवळट, तेलकट, जुन्या लोण्यासारख्या वासाचं काहीतरी उतरलं. काकांनी ते बेसिनमध्ये जाऊ दिलं. म्हणत होतोच, आत चिकटलंय. दाणे नव्यासारखे पांढरे झाले तेव्हा ते समाधानानं हात पुसून घरी गेले.

शंकासुर ठरल्या दिवशी आले, खुर्ची ओढून कॉलमसमोर बसले आणि त्यांनी काम सुरू होण्याआधी प्रत्येक बाटलीचं बूच उघडून वास घेतला.

"खिसे रिकामे करता का?" त्यांनी काकांना विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "हे जरा जास्त होतंय."

"करतो ना," काका म्हणाले. रुमाल, किल्ल्या, बसचं तिकीट, वेलदोड्याची डबी, सगळं टेबलावर मांडलं. "वेलदोडे मोजून ठेवा. जाताना परत घेईन."

बाह्या कोपराच्या वर गुंडाळून त्यांनी पूड बनवली. पाहुणे रोज येऊन बसत, जाताना कपाटाला आपलं कुलूप घालून जात. शेवटी पूड पेशीताईच्या हातात गेली. तिनं ती गाठीच्या पेशींवर घातली, ठरलेला वेळ थांबली आणि निळा रंग टाकला. हा रंग सोपा न्याय करतो. जिवंत पेशी त्याला आत शिरू देत नाही, म्हणून ती स्वच्छ, चमकती दिसते. मेलेली पेशी निळी होते. पेशीताई सूक्ष्मदर्शकात बघत राहिली. फार वेळ बघत राहिली.

"मॅडम, जिवंत आहेत."

"कितीशा?"

"सगळ्या."

शंकासुरांनी स्वतः बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. ते दुष्ट माणूस नाहीत आणि त्यांना आनंद झालेला दिसला नाही. पण बोलायचं ते बोलले. "मॅडम, एरवी होतं आणि आम्ही बघत असताना होत नाही. याचा अर्थ मी सांगायला नको."

तेव्हा काका पुढे झाले. "यावेळी वेगळं एकच झालंय. मी नळी धुतली."

"रोज धुताच ना?" मॅडमनी विचारलं.

"तशी नाही. डेअरीसारखी. कॉस्टिक, अल्कोहोल, सगळं. कुणी घाण आहे म्हणू नये म्हणून." मग ते म्हणाले, "आतून साय निघाली. पिवळी."

शंकासुर हसले. "म्हणजे इतके दिवस प्रथिन मारत नव्हतं. मळ मारत होता."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "मग आम्ही मळ शोधू."

पाहुणे गेले. जाताना त्यांचा चेहरा असं सांगत होता की कारण बरं शोधलंत. खोलीत मॅडम आणि काका दोघंच राहिले. मॅडमनी दार लावलं.

"एकदाच विचारते. तुम्ही कधी काही घालत होतात?"

"नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. काकांच्या मनात मात्र तो प्रश्न राहिला. मॅडमनी विचारलं याचा त्यांना राग नव्हता. मीही विचारलंच असतं, ते म्हणतात, कॅन कुणाचाही असो.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना हसू आवरेना. काकांनी एकदा त्यांचा बिडाचा जुना तवा असाच कॉस्टिक लावून चांदीसारखा घासून ठेवला होता आणि त्यानंतर त्याच्यावर टाकलेलं प्रत्येक अंडं चिकटून बसलं होतं. "कळलं आता माझ्या तव्याचं दुःख?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जिथं हात लावाल तिथलं मुरलेलं सगळं धुऊन काढाल. नशीब माझं, मी अजून शिल्लक आहे."

मग जे सुरू झालं ते काकांच्या दृष्टीनं शिक्षेसारखं होतं. बेसिनमध्ये सोडलेला मळ परत येणार नव्हता. तो नव्यानं धरू देण्यावाचून मार्ग नव्हता. मॅडमनी नवा कॉलम मागवला आणि काकांना सांगितलं, यातून दुधातलं प्रथिन सोडत राहा आणि मुद्दाम नीट धुऊ नका. ज्या माणसानं आयुष्यभर नळ्या स्वच्छ केल्या, तो रोज सकाळी येऊन एक नळी काळजीपूर्वक घाण करू लागला. त्या दिवसांत ते नळीकडे पाठ करून डबा खात.

"काका, कसा चाललाय मळ?" पेशीताई विचारायची.

"येतोय हळूहळू. तुझ्या टेबलाइतका नाही अजून."

मळ धरत गेला तशी पुडीत धार येत गेली. आधी ताटलीत एखाददुसरा निळा ठिपका, मग झुबके, मग अर्धी ताटली. मॅडमना हवं ते कळलं होतं. त्यांनी काकांना सांगितलं, आता धुवा, पण या वेळी एक थेंबही फेकू नका. काकांनी अल्कोहोलनं नळी धुतली आणि उतरलेलं सगळं बाटलीत भरून रसायनशास्त्र विभागात पोचतं केलं. उत्तर आलं ते साधं होतं: दुधातली चरबी, तिचे सुटे झालेले घटक, बऱ्याच प्रकारांचे. दूध कितीही निथळून घेतलं तरी तिचा अंश मागे राहत होता आणि दाण्यांना बिलगत होता. सैल झालेलं प्रथिन वरून जाताना त्यातलं काहीतरी उचलत होतं.

काय उचलत होतं, हे शोधण्यात पुढचा बराच काळ गेला. प्रत्येक स्निग्ध आम्ल बाजारातून शुद्ध आणायचं, स्वच्छ कॉलमवर चढवायचं, वरून प्रथिन सोडायचं, पूड करायची, पेशीताईकडे द्यायची. पहिलं बेकार. दुसरं बेकार. काही नुसतीच दाण्यांवर गोठून बसली. काकांना निदान धुवायला तरी मिळत होतं. दोन वेळांच्या मध्ये कॉलम असा घासला पाहिजे की आधीच्याचा मागमूस राहू नये, आणि या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस शहरात नव्हता.

ज्या दिवशी ओलेइक आम्लाची पाळी आली त्या दिवशी कुणाला विशेष अपेक्षा नव्हती. खाण्याच्या कितीतरी तेलांत असतं ते. पेशीताईनं निळा रंग टाकला, डोळा लावला आणि मान वर न करता डाव्या हातानं सगळ्यांना जवळ यायची खूण केली.

ताटली निळी होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. शेजारच्या ताटलीतल्या निरोगी पेशी चमकत होत्या.

मॅडमनी बघितलं आणि काकांना जागा करून दिली. काकांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून विचारलं, "हे आपल्या नळीतलं मुरलेलं नाही? दुकानातलं?"

"दुकानातलं. बाटलीतलं."

"मग माझा यात काही हात नाही."

"काही नाही," मॅडम म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

खरं तर आता कुणाकडे जायची गरज नव्हती. निष्कर्ष छापून मोकळं होता आलं असतं. पण काका अडून बसले. ज्यानं आळ घेतला त्याच्या खोलीत, त्याच्या नळीत, त्याच्या हातून व्हायला हवं. मी तिथं पाय ठेवणार नाही, ते म्हणाले. बाहेर बसेन. मॅडमनी फोन लावला. यावेळी स्पीकर त्यांनी स्वतःहून चालू केला.

"काय घालायचं ते सांगा," पलीकडून शंकासुर म्हणाले.

"ओलेइक आम्ल. तुमच्याच कपाटातलं घ्या. आमचा माणूस दाराबाहेर बसेल."

"मी त्यांच्याबद्दल जे बोललो होतो..."

"ते करून झाल्यावर बोला."

शंकासुरांची प्रयोगशाळा मोठी आहे. रुंद मार्गिका, काचेच्या भिंती, बाहेर बसायला बाक. काका बाकावर बसले आणि काचेतून आतलं सगळं दिसत होतं, हेच वाईट झालं. शंकासुर विद्वान माणूस, पण हातानं काम करायची सवय कधीच सुटलेली. त्यांनी दाणे भरताना नळी वाकडी धरली. आत हवेचा बुडबुडा राहिला. काका बाकावरून अर्धे उठले. आम्ल चढवताना थोडं टेबलावर सांडलं आणि त्यांनी ते बाहीनं पुसलं. काकांनी डोळे मिटून घेतले. भांडी तर पाण्याला नुसती दाखवत होते.

"काका, चला ना, आपण चहा घेऊन येऊ," पेशीताई म्हणाली. तीही बरोबर आली होती, पण तिलाही आत जायची परवानगी नव्हती.

"नको. याच्या हातून होणार नाही हे. बुडबुडा बघ केवढा आहे."

"मग सांगायचं का जाऊन?"

काका पुन्हा बाकावर टेकले. एक शब्द पुरला असता. पण मग पुन्हा मीटरकाका होते म्हणून झालं, असंच लोक म्हणाले असते. "नाही," ते म्हणाले. "काही सांगायचं नाही."

पूड झाली तेव्हा ती थोडी पिवळसर दिसत होती. ज्या दिवशी ती पेशींवर घातली त्या दिवशी मॅडमही आल्या. तिघं बाकावर बसले. आत शंकासुर सूक्ष्मदर्शकावर वाकले होते आणि त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ हलेना. मग त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांना बोलावलं. ते बघून बाजूला झाले. मग शंकासुरांनी निरोगी पेशींची ताटली घेतली, तीही बघितली, पुन्हा पहिली घेतली. कुणीतरी काचेतून बाहेर बघितलं आणि लगेच मान वळवली.

दार उघडलं. शंकासुर बाहेर आले, हातमोजे तसेच. ते मॅडमकडे गेले नाहीत. सरळ काकांसमोर येऊन उभे राहिले.

"मेल्या," ते म्हणाले. "सगळ्या. निरोगी आहेत तशाच आहेत."

पेशीताई ओरडली आणि तिनं मॅडमना मिठी मारली. आतले सहकारी टाळ्या वाजवत होते, काचेमुळे आवाज येत नव्हता. शंकासुर मात्र जागेवरून हलले नाहीत.

"मी तुमच्याबद्दल फार वाईट बोललो. सगळ्यांसमोर तुमचे खिसे तपासले. मला माफी मागायची आहे."

काका उठून उभे राहिले. त्यांनी आधी काचेतून आत बघितलं, मग त्या वाकड्या नळीकडे, मग शंकासुरांच्या डागाळलेल्या बाहीकडे. आणि अख्ख्या मार्गिकेला ऐकू जाईल असे हसले. इतके मोठ्यानं त्यांना हसताना मॅडमनी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"माफी कसली मागताय साहेब," ते म्हणाले. "इतक्या गचाळ हातांनी झालं ना? मग ते खरंच आहे!"